भाषेचा तास : तोंड उघडणारा की तोंड बंद करणारा?

गणिताच्या तासाला मुलाचे उत्तर चुकले तर फक्त गणित चुकते. भाषेच्या तासाला त्याच्या बोलण्याला वर्ग हसला, तर त्याच्या आईला, बापाला, अख्ख्या वस्तीला हसल्यासारखे होते. कारण ती भाषा त्याने पुस्तकातून घेतलेली नसते, घरातून आणलेली असते. म्हणूनच भाषा शिकवणाऱ्या शिक्षकाची जबाबदारी इतर सर्व शिक्षकांहून मोठी आहे, असे आम्ही मानतो. त्याचा वर्गातला संवाद कसा आहे, यावर एक पिढी बोलती होणार की मुकी राहणार, हे ठरते.

एक साधे उदाहरण घेऊ. चौथीतली मुलगी म्हणते, "बाई, म्या पानी आनलं." एक शिक्षिका तिला तिथेच थांबवते. "पानी नाही, पाणी! दहा वेळा म्हण." वर्ग हसतो. मुलगी खाली बसते आणि पुढे वर्षभर हात वर करत नाही. दुसरी शिक्षिका म्हणते, "अरे वा, तू पाणी आणलंस? कुठून आणलंस गं?" मुलगी उत्साहाने सांगू लागते. 'पाणी' आणि 'आणलंस' हे दोन्ही शब्द तिच्या कानावर बरोबर पडलेले असतात. पण तिचे बोलणे तुटलेले नसते. पहिल्या बाईंनी उच्चार शिकवला आणि भाषा मारली. दुसऱ्या बाईंनी दोन्ही दिले. फरक एवढाच की, दुसऱ्या बाईंनी मूल काय सांगते आहे ते आधी ऐकले.

'शुद्ध' भाषेचा दंडुका उगारणाऱ्यांना आम्ही एक गोष्ट विचारतो. लेखनाचे नियम कशासाठी आहेत? ते लेखनासाठी आहेत, मुलाच्या जिभेला कुलूप लावण्यासाठी नाहीत. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या मराठी लेखनविषयक नियमांतसुद्धा, कोणाचे बोलणे दाखवायचे असेल तर ते उच्चारानुसार लिहावे, असे सांगितले आहे. म्हणजे नियमाला बोलणारा माणूस मान्य आहे. नियम हाती घेऊन उभ्या असलेल्या गुरुजींना तो मान्य नाही!

हा दंडुका नवा नाही. महात्मा जोतीराव फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टिंगल विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'तून केली होती. जोतीराव थांबले नाहीत. १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला आणि आज तो विद्यापीठांत अभ्यासला जातो. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला, दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली. ज्या बोलीला वर्गात हसले जात होते, तिने मराठी साहित्याचा कायापालट केला. बाबासाहेबांना तर शाळेत संस्कृत शिकायचे असूनही अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. कोणी कोणती भाषा शिकायची आणि कोणाचे बोलणे 'भाषा' म्हणायचे, हा या देशात नेहमीच सत्तेचा प्रश्न राहिला आहे.

याउलट आपला वारसा पाहा. विनयपिटकातील चुल्लवग्गात एक कथा आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू बुद्धवचन छंदात, म्हणजे वैदिक वळणाच्या भाषेत बसवण्याची परवानगी मागतात. तथागत ती नाकारतात आणि लोकांनी धम्म आपापल्या भाषेत शिकावा, अशी अनुज्ञा देतात, असा त्याचा अर्थ अनेक अभ्यासकांनी लावला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा मराठीत म्हणवून घेतल्या. एकेक प्रतिज्ञा छोटी, स्वच्छ, कोणालाही कळेल अशी. लाखोंचा समुदाय ती म्हणत होता आणि त्याचा अर्थ त्याला कळत होता. भाषेच्या शिक्षकाने यातून धडा घ्यावा. समोरच्याला समजेल अशा भाषेत बोलण्याने विचार हलका होत नाही, तो पोहोचतो.

मग चांगला भाषाशिक्षक काय करतो? तो "समजलं का?" एवढेच विचारून पुढे जात नाही, कारण या प्रश्नाला सगळा वर्ग एका सुरात "हो" म्हणतो. तो म्हणतो, "आता तू तुझ्या शब्दांत सांग." प्रश्न विचारल्यावर तो चार क्षण थांबतो, कारण घरची बोली मनात उलटीपालटी करून पुस्तकी मराठीत आणायला मुलाला वेळ लागतो. तेवढ्यात पुढच्या बाकावरचा हुशार विद्यार्थी उत्तर देऊन टाकतो आणि मागचा बाक कायमचा गप्प होतो. आम्ही वकील मंडळी कोर्टात हेच पाहतो. उत्तर तोंडात घालणारा प्रश्न विचारला की साक्षीदार मान हलवतो. मोकळा प्रश्न विचारून ऐकत राहिले की तो बोलतो.

चांगला शिक्षक निबंधाचा विषयही विचार करून देतो. 'मामाच्या गावची सुट्टी' हा विषय ऊसतोड कामगाराच्या मुलाने कसा लिहावा? दिवाळीच्या सुमारास त्याचे आईबाप कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागलेले असतात. त्याला फड, कोपी, बैलगाडी, पहाटेची थंडी यावर लिहायला सांगा. वही भरून लिहील. त्यातले 'ण' आणि 'न' नंतर शांतपणे सुधारता येतील.

इंग्रजीचेही तेच. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. पण धडा वाचायचा, ओळीओळीचे भाषांतर सांगायचे आणि गाईडमधली उत्तरे उतरवून द्यायची, याला भाषा शिकवणे म्हणत नाहीत. अर्थ एकदा मराठीत समजावून मुलाकडून तीन शब्दांचे का होईना, स्वतःचे इंग्रजी वाक्य वदवून घ्या.

कोणी असा गैरसमज करून घेऊ नये की आम्हाला प्रमाणभाषा नको आहे. ती आम्हाला हवीच आहे आणि इंग्रजीही हवी आहे. अर्ज, परीक्षा, न्यायालय, विधिमंडळ सगळीकडे तिचीच गरज आहे. "त्यांची बोलीच गोड, राहू द्या" असे म्हणून आमच्या मुलांना प्रमाणभाषेपासून दूर ठेवणे हीदेखील फसवणूकच आहे. आमचे म्हणणे एवढेच की, प्रमाणभाषा घरच्या भाषेत भर म्हणून द्या, घरच्या भाषेची लाज वाटायला लावून नको.

ही काही शिक्षकाच्या मर्जीची बाब नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ (२) सांगते की, मुलाला भीती, धक्का आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावे, मोकळेपणाने मत मांडायला मदत करावी आणि शक्य तिथवर माध्यम मातृभाषा असावे. त्यानुसार शिकवणे हे कलम २४ प्रमाणे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. बोलीवरून वारंवार केलेली टिंगल आमच्या मते याच छळात मोडते.

म्हणून आमचे पालकांना आणि कार्यकर्त्यांना सांगणे आहे. शासकीय आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात. तिथे गणवेश आणि खिचडीबरोबर हाही प्रश्न मांडा : आमचे मूल वर्गात बोलते का? आठवड्यात किती वेळा बोलते? ते बोलल्यावर कोणी हसते का, आणि हसल्यावर शिक्षक काय करतात? आणि जे शिक्षक आपल्याच चळवळीतून घडले, त्यांनी तर हे विसरूच नये. १९२० साली बाबासाहेबांनी पत्र काढले, त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले. मुक्यांना वाचा देण्याचे ते काम आज भाषेच्या प्रत्येक तासाला पुढे न्यायचे आहे.

जयभीम!