आजीसाठी वकील हवाय!

अमेरिकेत 'नर्सिंग होम अब्यूज लॉयर' ही वकिलांची वेगळी जमातच आहे. टीव्हीवर जाहिराती, हायवेवर होर्डिंग्ज आणि ऑफर काय, तर केस जिंकलो तरच फी! आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटं हॉस्पिटल. त्यांचं नर्सिंग होम म्हणजे आपला वृद्धाश्रम किंवा केअर सेंटर. तिथे ठेवलेल्या आजीच्या दंडावर काळेनिळे डाग दिसले, तर आपण कुणाला फोन करायचा?

प्रॉब्लेम असा, की बार कौन्सिलच्या नियमांनुसार भारतात वकिलांना जाहिरात करता येत नाही आणि निकालावर फी ठरवताही येत नाही. 'भरपाईतले तीस टक्के द्या' असं कुणी म्हणालं, तर तिथूनच रामराम करा.

आधी हे करा

आजीला सुरक्षित जागी हलवा आणि सरकारी हॉस्पिटलमध्ये तपासणी करून घ्या. जखमा कशा झाल्या ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्हणजे मेडिको-लीगल केस म्हणून नोंद होईल. फोटो ज्या मोबाइलवर काढले तो विकू नका, फॉरमॅटही करू नका. करारपत्र, पैसे भरल्याच्या पावत्या, केअरटेकरचे मेसेज, सगळं एका फाइलमध्ये. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. ते जपून ठेवा, असं संस्थेला लगेच लेखी कळवा आणि पोच घ्या.

कुठला दरवाजा?

यावरच कुठला वकील हवा ते ठरतं. आजीला कोंडून ठेवलं असेल किंवा मारहाणीत हाड मोडलं असेल, तर पोलिसांत एफआयआर आणि सोबत फौजदारी वकील. साध्या मारहाणीची बहुतेक वेळा नुसती एनसी होते, तेव्हा तर चांगला वकील हवाच. असहाय माणसाची देखभाल करण्याचा करार मोडणं हासुद्धा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ खाली गुन्हा आहे. शिक्षा मात्र जेमतेम: तीन महिने कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड.

भरपाई हवी? मग ग्राहक आयोग. पैसे घेऊन सेवा नीट दिली नाही, ही तुमची तक्रार. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, आणि वकिलाशिवाय स्वतःही बाजू मांडता येते.

'ज्येष्ठांचा २००७ चा कायदा आहे ना, प्रांतांकडे जा,' असा सल्ला हमखास मिळेल. पण तिथलं न्यायाधिकरण मुलांकडून, नातेवाइकांकडून पोटगी मिळवण्यासाठी आहे. संस्थेविरुद्धच्या भरपाईसाठी तिकडे खेटे घालू नका.

वकील शोधायचा कसा?

फ्लॅटचं ॲग्रीमेंट करून देणारे वकीलकाका कितीही प्रेमळ असले, तरी हे काम वेगळं. ग्राहक आयोगात एक सकाळ जाऊन बसा, कोण तयारीने बोलतं ते लगेच कळतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो, म्हणजे आजीलाही! ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनसुद्धा मार्गदर्शन करते.

पहिल्याच भेटीत बिनधास्त विचारा: अशा किती केसेस लढलात? तारखेला स्वतः याल की ज्युनिअरला पाठवाल? कुठल्या टप्प्याला किती फी? उत्तरं लेखी घ्या, पैशांची पावती घ्या. सनद खरी आहे ना, हे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तपासता येतं.

सगळ्यात महत्त्वाचं: हे वकील आजीशी एकटीशी बोलायला तयार आहेत का? तिला सगळं नीट समजत असेल, तर वकीलपत्रावर सही तिची आणि निर्णयही तिचाच. आपल्यामुळे नातवाला त्रास नको, म्हणून अनेक आजी गप्प बसतात. तिला बोलतं करायला वेळ नसलेला वकील कोर्टात तिच्या वतीने काय बोलणार?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं घरातलं कुणीतरी म्हणणारच. पण ग्राहक आयोगात तक्रारीसाठी घटनेपासून दोनच वर्षं मिळतात, आणि अप्रेझल, प्रोजेक्ट, ऑनसाइट यांत ती कधी सरतात कळतही नाही. शेवटची तारीख आजच मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका.