फंडा पस्तीस एमएमचा!

तुमच्या किचनमधलं एखादं कपाट उघडून पाहा. बाहेरून बिजागरी दिसते? नाही ना! पल्ल्याच्या आतल्या बाजूला स्टीलची एक गोल वाटी रुतवलेली असेल आणि तिचा हात कपाटाच्या बाजूच्या फळीवर स्क्रूने बसवलेला. हीच ती कन्सील्ड हिंज. सुतारांच्या भाषेत ऑटो हिंज. मॉड्युलर किचनचं कोटेशन आलं की आपण सनमायकाच्या शेडवर तासभर वाद घालतो आणि ‘हार्डवेअर’ या ओळीवरून सरळ पुढे सरकतो. पल्ला वर्षानुवर्षं सरळ राहणार की सहा महिन्यांत मान टाकणार, ते मात्र त्या ओळीत ठरतं.

हे ज्ञान मला कुठल्या चकाचक शोरूममध्ये मिळालं नाही, मिळालं ते रिठदला. वाशिम जिल्ह्यातलं, रिसोड तालुक्यातलं माझ्या मामाचं गाव. मामीच्या नव्या ओट्याखाली सहा पल्ले बसायचे होते आणि मामेबहिणीचा साखरपुडा चार दिवसांवर आलेला. सनमायका वाशिमहून आणलेला, नेमका सहा पल्ल्यांपुरता; दुकानात त्या रंगाचा तो शेवटचा शीट. एक पल्ला वाया गेला, तर पाच एका रंगाचे आणि एक भलताच! त्यामुळे मामी दर दहा मिनिटांनी चहाच्या निमित्ताने डोकावून जायची.

मिस्त्री साठीचे. हात बसलेला गिरमिट आणि पटाशीवर. आता मात्र ड्रिलला पस्तीसचा बिट. मी म्हटलं, ‘‘काका, पटकन होईल ना?’’

‘‘कायले घाई करता ताई? भोक एकदाच पडते. मंग ते बुजत नाही.’’

हिशेब असा. वाटीचा व्यास ३५ मिलिमीटर. पल्ल्याची कड आणि भोक यात साधारण ३ ते ६ मिलिमीटर लाकूड राहायला हवं. मिस्त्रींनी ५ धरले, म्हणजे भोकाचा मध्य कडेपासून साडेबावीसवर. खोली १२च्या आसपास. प्लाय १८चा, म्हणजे मागे उरतात फक्त ६. त्यात बिटचं मधलं टोक आणखी पुढे घुसतं! हात जरा जड पडला की बाहेरच्या सनमायकावर फोड. म्हणून पहिलं भोक त्यांनी त्याच प्लायच्या तुकड्यावर पाडलं, त्यात वाटी बसवून पाहिली, ड्रिल गुण्याला लावून उभं ठेवायची सवय केली आणि मगच खऱ्या पल्ल्याला हात घातला. दर दोन-तीन मिलिमीटरला थांबायचं, भुसा फुंकायचा, पुन्हा मोजायचं. बारा भोकांना अख्खी दुपार गेली. मला तर ऑफिसच्या डेडलाइनपेक्षा जास्त टेन्शन आलं होतं.

कपाटाच्या फळीवर प्लेट बसते ती पुढच्या कडेपासून ३७ मिलिमीटरवर. हे माप युरोपातल्या फर्निचर कारखान्यांच्या ‘३२ सिस्टीम’मधलं. म्हणूनच जर्मनीची हेटिक घ्या किंवा आपल्या मुंबईची एबको, प्लेटची रेघ बहुतेक तीच. (पल्ला फळ्यांच्या आत बसणार असेल, तर त्यात पल्ल्याची जाडी मिळवायची.)

दुकानात विचारायचा शब्द म्हणजे क्रँक. पल्ला टोकाची फळी पूर्ण झाकणार असेल तर झिरो क्रँक. मधल्या एकाच फळीवर दोन पल्ले येत असतील तर आठ. पल्ला आत बसणार असेल तर सोळा. चुकीचा क्रँक आणला तर सॉफ्ट-क्लोजवर कितीही पैसे ओता, पल्ले एकमेकांना घासणारच. उंची साधारण ९०० मिलिमीटरपर्यंत असेल तर दोन हिंजा पुरतात. त्याहून उंच किंवा जड पल्ल्याला तीन.

एवढं झाल्यावरही चौथा पल्ला तिरका दिसला. मामीचा चेहरा उतरला. मिस्त्रींनी शांतपणे स्क्रू ड्रायव्हर काढला. हातावरचा पुढचा स्क्रू पल्ला डावी-उजवीकडे सरकवतो, मागचा सैल केला की आत-बाहेर, आणि प्लेटच्या लांबट भोकांतले स्क्रू वर-खाली. दोन-दोन मिलिमीटरची ही मुभा जुन्या बिजागरीत नव्हती. पाच मिनिटांत सगळ्या फटी सारख्या!

मामीने पल्ला ढकलला. शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगने तो आपोआप ओढून घेतला. तिने पुन्हा उघडला, पुन्हा सोडला.

‘‘हे सगळं ठीक आहे. पण याले कडी कुठं लावू?’’

‘‘कडी कायले? स्प्रिंग आहे ना, वहिनी.’’

‘‘अन् मांजर?’’

संध्याकाळी मिस्त्रींनी दुधाच्या कपाटाला एक छोटी कडी ठोकून दिली.