बॉम्बला दोन डोळे कशासाठी?

दौलताबादच्या किल्ल्यावरची मेंढा तोफ पाहिली असेल, तर तिची बैठक आठवून बघा. एवढी अवजड तोफ मधल्या खुंटावर डावी-उजवीकडे फिरवता यावी, अशी ती योजना आहे. नेम धरण्याची सगळी करामत त्या फिरवण्यात. एकदा बत्ती दिली, गोळा नळीबाहेर पडला, की गोलंदाजाच्या हातात काही उरत नाही.

विमानातून टाकलेल्या बॉम्बचीही कितीतरी वर्षे हीच गत होती. वारा, विमानाचा वेग, वैमानिकाच्या अंदाजातली सेकंदभराची चूक, सगळे त्या पडत्या लोखंडाच्या माथी. दुसऱ्या महायुद्धात, 1941 साली, ब्रिटिशांनी आपल्याच विमानांनी घेतलेले फोटो तपासले. लक्ष्यावर हल्ला केल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमाने लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचली होती. बॉम्ब इमारतीवर पडणे दूरच, गाव तरी बरोबर होते का, असा प्रश्न!

यावरचा पहिला दणदणीत उपाय व्हिएतनाम युद्धात सापडला, तो म्हणजे लेझर. थान्ह होआ इथल्या रेल्वे-रस्ता पुलावर अमेरिकेने 1965 पासून हल्ले केले, पण पूल काही पडेना. 13 मे 1972 रोजी लेझर-मार्गदर्शित बॉम्बनी तो पाडला. गंमत अशी, की त्याआधी एप्रिलच्या शेवटी केलेल्या प्रयत्नात लेझर बॉम्ब टाकताच आले नव्हते. कारण? ढग.

हे नीट समजून घेऊ, कारण पुढची सगळी कथा या ढगांमुळेच घडते. विमानातून किंवा जमिनीवरून कुणीतरी लक्ष्यावर लेझरचा किरण टाकते. तो डोळ्यांना दिसत नाही. त्याची तरंगलांबी साधारण 1064 नॅनोमीटर असते आणि आपली नजर 700च्या आसपास थांबते. लक्ष्यावरून परावर्तित झालेला हा प्रकाश बॉम्बच्या नाकातल्या संवेदकावर पडतो. संवेदकाचे चार भाग असतात. उजव्या भागावर जास्त प्रकाश पडला, की पंख वळतात आणि बॉम्ब उजवीकडे झुकतो. चारही भागांवर सारखा प्रकाश, म्हणजे लक्ष्य नाकासमोर. किरण एकसलग नसतो, तर ठरावीक संकेताने धडधडतो, म्हणजे शेजारच्या विमानाच्या लेझरमागे आपला बॉम्ब जात नाही. पण मध्ये ढग, धूळ किंवा धूर आला की हा डोळा आंधळा.

आपल्या हवाई दलाने हे तंत्र कारगिलमध्ये वापरले. अनिल यशवंत टिपणीस तेव्हा हवाई दलप्रमुख होते. 24 जून 1999 रोजी मिराज 2000 विमानांनी टायगर हिलवरच्या ठाण्यावर लेझर बॉम्ब टाकले. डोंगरमाथ्यावरचे ठाणे उंचावरून टिपायचे तर आकाश निरभ्र हवे, याचा धडा तिथेही मिळाला.

त्याच वर्षी कोसोव्होतही ढगांनी नाटोच्या लेझर बॉम्बना वारंवार हैराण केले. मग उपग्रहाचा डोळा पुढे आला. बॉम्बला लक्ष्याचे अक्षांश-रेखांश द्यायचे, जीपीएसने तो स्वतःची जागा ओळखतो आणि ढगांतूनही वाट काढतो. यालाही दोन खोडी आहेत. पळणाऱ्या गाडीचे अक्षांश-रेखांश क्षणाक्षणाला बदलतात. दुसरे म्हणजे उपग्रह 20 हजार किलोमीटरवर असतो, आणि त्याचा संकेत जमिनीवर पोहोचतो तेव्हा एका वॉटच्या अब्जांशाचाही कोट्यंश उरतो. एवढ्या क्षीण आवाजावर जमिनीवरून कुणी जोरात ओरडले, तर ऐकू काय येणार? युक्रेनमध्ये रशियन जॅमिंगमुळे अमेरिकी एक्सकॅलिबर तोफगोळ्यांची अचूकता मोठ्या प्रमाणात घसरली, ती यामुळेच.

म्हणून दोन्ही डोळे एकाच बॉम्बला. आधी उपग्रहाच्या आधाराने जवळ जायचे आणि शेवटच्या टप्प्यात लेझर दिसला तर त्याच्यामागे जायचे. ढग आले तर उपग्रह आहे. उपग्रह गप्प झाला, तर आतले जायरोस्कोप आणि त्वरणमापक ‘आपण किती वळलो, किती सरकलो’ याचा हिशेब ठेवतात. या हिशेबातली चूक वेळेनुसार वाढत जाते, पण मिनिटा-दोन मिनिटांच्या प्रवासात ती आवाक्यात राहते. अमेरिकेने असा दुहेरी बॉम्ब ऑगस्ट 2008 मध्ये इराकमध्ये चालत्या वाहनावर वापरला.

आपल्याकडे या कामात पुण्याचा मोठा वाटा आहे. पाषाणची एआरडीई, हैदराबादची रिसर्च सेंटर इमारत आणि ओडिशातले चांदीपूर चाचणी केंद्र यांनी ‘गौरव’ हा पंख असलेला, हजार किलो वर्गातला बॉम्ब बनवला. त्याला इंजिन नाही. उंचीवरून सोडला की तरंगत जातो. मार्गदर्शन जडत्व आणि उपग्रह या जोडीवर. 13 ऑगस्ट 2024 रोजी सुखोई-30 विमानातून (ही विमाने आपल्या ओझरला बांधली गेली) त्याची पहिली चाचणी झाली. एप्रिल 2025 मधल्या चाचण्यांत पल्ला 100 किलोमीटरच्या जवळ गेला. म्हणजे संभाजीनगरच्या आकाशातून सोडलेला बॉम्ब थेट अहिल्यानगरच्या आसपास.

चाचणीत नुसते ‘लागला की नाही’ बघत नाहीत. बॉम्ब विमानापासून सुटताना त्यालाच धडकत नाही ना, पंख वेळेवर उघडतात ना, हे आधी तपासतात. मग किनाऱ्यावरची दुर्बिणवजा यंत्रे आणि टेलिमेट्री प्रत्येक क्षणाची नोंद ठेवतात.

दुसरे अस्त्र धावपट्ट्यांसाठीचे, अवघ्या 125 किलो वर्गातले. 28 ऑक्टोबर आणि 3 नोव्हेंबर 2021 रोजी जैसलमेरजवळ त्याची दोन रूपे तपासली गेली, एक उपग्रहावर चालणारे आणि एक लक्ष्याची अवरक्त प्रतिमा पाहणारे.

125 आणि 1000 या आकड्यांत माणसाच्या शरीराचा प्रश्न दडला आहे. स्फोटाच्या दाबलाटेने कानाचे पडदे फाटतात, फुप्फुसांत रक्तस्राव होतो. स्फोटके आठपट झाली, की तोच दाब दुप्पट अंतरापर्यंत पोहोचतो, म्हणजे क्षेत्र चौपट. नेमका लागणारा लहान बॉम्ब शेजारची वस्ती वाचवू शकतो, तो या गणितामुळे.

मात्र डोळ्यांना फक्त वाट दिसते, घर कुणाचे ते कळत नाही. 13 फेब्रुवारी 1991 रोजी बगदादच्या अमिरिया आसरागृहात दोन लेझर बॉम्ब अगदी नेमके शिरले. आत झोपलेले 400 हून अधिक नागरिक मेले. 7 मे 1999 च्या रात्री बेलग्रेडमध्ये उपग्रह-मार्गदर्शित पाच बॉम्ब दिलेल्या ठिकाणीच पडले. तो चीनचा दूतावास होता. तीन चिनी पत्रकार ठार झाले. ज्या लष्करी पुरवठा कार्यालयावर ते टाकायचे होते, ते तिथून काही शे मीटरवर होते.