मातीतली बुरशी आणि मजुराचे मूल

मजूर चळवळीतल्या माणसाने वैद्यकावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आम्ही डॉक्टर नव्हे. जे शिकलो ते वाचून आणि विचारून. पण कामाच्या जागेचे दुखणे मजुराच्या घरातील लेकरांपर्यंत कसे पोचते, हे समजून घेणे आमचे कामच आहे. त्यासाठी एक दूरचे उदाहरण घेतो.

ब्राझीलमध्ये १९०८ साली आडोल्फो लुट्झ यांनी एका बुरशीजन्य रोगाचे पहिले वर्णन केले. त्याचे आजचे नाव पॅराकॉक्सिडिऑइडोमायकोसिस. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या मुलखातच तो लागतो. आपल्या मातीत तो नाही. बुरशी जमिनीत वाढते. नांगरट झाली, रान तोडले, की तिचे कण धुळीबरोबर श्वासात जातात. माणसापासून माणसाला मात्र हा रोग लागत नाही.

मोठ्या माणसांत तो बहुधा शेतात राबलेल्या पुरुषांना, अनेक वर्षांनी उद्भवतो. खोकला, धाप, तोंडात व्रण ही त्याची खूण. स्त्रियांना तो फार कमी होतो, कारण त्यांच्या शरीरातील इस्ट्रोजेन हा अंतःस्राव बुरशीचे रूपांतर रोखून धरतो. लहान वयात हे संरक्षण नसते. म्हणून मुलगे आणि मुली दोघेही त्याला सारखेच बळी पडतात.

मुलांत रोगाचे रूपच पालटते. तो वर्षांनी नव्हे, काही आठवड्यांत वा महिन्यांत अंगभर पसरतो. ताप येतो, वजन घटते, मूल पांढरे पडते. मानेत, काखेत, जांघेत गाठी येतात. काही पिकून फुटतात व वाहू लागतात. यकृत आणि पाणथरी वाढतात. पोटातल्या गाठींनी पित्तनलिका दाबली तर कावीळ होते. लसिकेची वाट अडली तर अन्नातले सत्त्व अंगी लागत नाही आणि पोटात पाणी साचते. कधी हाडे व त्वचाही सापडतात. रक्तात इओसिनोफिल पेशी बहुधा वाढलेल्या असतात. नवल असे, की खोकला बहुधा नसतोच.

येथेच फसगत होते. मानेत गाठी आणि बारीक ताप म्हटले, की आपल्याकडे गंडमाळा आठवते. तिकडेही क्षय वा रक्ताचा कर्करोग समजून महिने वाया जातात. खरे तर गाठीतला पू वा तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की उलगडा होतो: एका गोल पेशीभोवती चहूकडून कोंब फुटलेले, जणू जहाजाचे सुकाणूचक्र.

उपाय आहे. १९४० साली सल्फा औषधांचा गुण प्रथम दिसला. आज इट्राकोनॅझोल किंवा कोट्रायमोक्साझोल देतात. प्रकृती गंभीर असल्यास आधी अँफोटेरिसिन बी. परंतु औषध अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक चालते. ताप आधी उतरतो, बुरशी मागे राहते. औषध मध्येच सोडले तर रोग उलटतो.

आता हिशेब पाहा. मुलाला दवाखान्यात नेण्याचा प्रत्येक दिवस म्हणजे बापाचा वा आईचा एक रोज बुडाला. ताप उतरलेल्या मुलासाठी हा रोज किती वेळा बुडवावा? या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांच्या चिठ्ठीत नसते. ते भरपगारी रजेत आणि मळ्याजवळच्या दवाखान्यात असते. आणि ते मागून घेणे हे आमच्यासारख्यांचे काम आहे.