हात हलतो कसा आणि फवारणीचे विष करते काय?

पाण्याने भरलेली घागर उचलताना आपला हात आवळतो, घागर खाली ठेवली की सैल पडतो. यात विशेष ते काय, असे वाटेल. पण हात आवळणे जितके गरजेचे, तितकेच तो वेळेवर सैल पडणेही गरजेचे. फवारणीला जाणाऱ्या प्रत्येक घराने हे समजून घ्यावे, म्हणून आम्ही हा विषय मांडत आहोत.

मेंदूचा हुकूम पाठीच्या कण्यातून मज्जातंतूंवाटे विजेच्या लहरीसारखा स्नायूपर्यंत येतो. पण तंतू आणि स्नायू चिकटलेले नसतात. मध्ये केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाएवढी फट असते. तेथे तंतूचे टोक ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सोडते. ते स्नायूला भिडले की स्नायूत नवी लहर उठते, आत साठलेले कॅल्शियम मोकळे होते, बारीक धागे एकमेकांवर सरकतात आणि स्नायू आखडतो. स्नायूला हुकूम देणारे रसायन हेच, हे सर हेन्री डेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३६ साली दाखवून दिले.

हुकूम पोहोचला की तो पुसावाही लागतो. ते काम फटीतले एक विकर करते. ते ॲसिटिलकोलीनचे क्षणार्धात तुकडे करते.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑरगॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशके नेमके हेच विकर निकामी करतात. मग हुकूम पुसला जात नाही. स्नायू आधी फडफडतात, नंतर लुळे पडतात. श्वासाचे स्नायू लुळे पडले की माणूस दगावतो. हे विष पोटातूनच नव्हे, तर कातडीतून आणि श्वासातूनही शिरते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले.

म्हणून आमची कळकळीची विनंती आहे. उघड्या अंगाने फवारू नका, वाऱ्याच्या तोंडावर उभे राहू नका. लाळ-घाम सुटणे, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, अंग फडफडणे, दम लागणे, यांपैकी काही दिसले तर कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा. घरगुती उपायांत वेळ दवडू नका. यावर इंजेक्शने आहेत, पण ती वेळेत मिळाली पाहिजेत. बुडालेली मजुरी पुन्हा मिळवता येते, गेलेला माणूस नाही.