जोडव्याचं बोट

जळगावचा मे महिना. सकाळचे साडेनऊ वाजलेत आणि ओपीडीच्या वऱ्हांड्यातली फरशी आत्ताच तापू लागली आहे. केसपेपरची रांग जिन्यापर्यंत गेलेली. पंखे फिरताहेत, वारा गरमच. पाण्याच्या माठाखाली थोडी ओल आहे, त्या ओलीत दोन म्हाताऱ्या चपला काढून उभ्या आहेत.

मी पाय बघत चालतो. इथं बहुतेक चपला अंगठ्याच्या, मागून सुट्ट्या, टाचेशी पार झिजलेल्या. अशी चप्पल पायात टिकवायची तर पावलागणिक बोटांनी धरून ठेवावी लागते. वर्षानुवर्षं धरून धरून बोटं वाकतात. बाकाच्या टोकाला रावेरकडचे एक आप्पा बसलेत. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. उजव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट मधल्या पेरात वर उचललेलं, टोक खाली टेकलेलं. पेरावर, चपलेचा पट्टा घासतो तिथं, हरभऱ्याएवढी पिवळी भोवरी.

आत डॉक्टर स्टुलावर बसून त्यांचा पाय मांडीवर घेतात. वाकलेलं बोट चिमटीत धरून हलकेच ओढतात. बोट सरळ होतं. सोडलं की पुन्हा वाकतं.

"सरळ होतंय ना आप्पा, मग वेळ गेली नाही अजून."

सगळं या एका ओढण्यावर ठरतं. मधल्या पेरात असं वाकलेलं बोट म्हणजे हॅमर टो. ते हातानं सरळ होत असलं, तर ऐसपैस पुढा असलेली पादत्राणं, बोटाखाली मऊ गादी, शेजारच्या बोटाला सैल पट्टी, जमिनीवरचा पंचा बोटांनी गोळा करायचा व्यायाम, एवढ्यावर भागू शकतं. वाकलेलं बोट यानं कायमचं सरळ होईलच असं नाही, पण दुखणं आणि घासणं कमी होऊ शकतं. सांधा आखडला आणि तरीही त्रास थांबत नसला, की शस्त्रक्रिया. त्यात सांध्यातला हाडाचा तुकडा काढतात किंवा सांधा सरळ जोडून टाकतात. बऱ्याचदा बोटाच्या टोकातून तार घालतात, ती साधारण चार ते सहा आठवडे तशीच. केळीची कापणी सुरू असताना एवढे दिवस पाय जपून बसणं किती जणांना जमेल?

पुढचा नंबर एका मावशींचा. सोबत सून. साखर बऱ्याच वर्षांची. त्यांचंही तेच बोट वाकलेलं, आणि त्याच बोटात चांदीचं जोडवं, सुजलेल्या पेरामागं रुतून बसलेलं.

"डोळे मिटा मावशी. लागलं की हो म्हणा."

डॉक्टरांच्या हातात नायलॉनचा एक ताठ धागा. दहा ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. अंगठ्याखाली टेकवतात. मावशी गप्प. बोटाच्या टोकाशी. गप्प. टाचेपाशी आल्यावर "हो". सून माझ्याकडे बघते. तिला आत्ता कळलंय.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातल्या मधुमेहींचा अंदाज दहा कोटींच्या पुढं गेला. त्यातल्या किती जणांचे पाय असे कुणी मांडीवर घेऊन पाहिले असतील, हे मला राहून राहून वाटतं. साखरेनं नसा बधिर होतात, पावलातले छोटे स्नायू दुबळे पडतात, बोटं आखडतात. मग टोकावर भार येतो, आणि दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही.

भोवरीवर मावशींनी मेडिकलमधून आणलेली कॉर्न कॅप लावली आहे. डॉक्टर ती हळूच सोडवतात. खालची कातडी पांढरी, भिजल्यासारखी. त्या टिकलीत साधारण चाळीस टक्के सॅलिसिलिक आम्ल असतं. भोवरी आणि चांगली कातडी यांत ते फरक करत नाही. बधिर पायाला भाजलेलंही कळत नाही. "हे पुन्हा नाही. घरी ब्लेडही नाही," डॉक्टर सुनेकडे बघून सांगतात. घोट्याजवळची नाडी बघून झाल्यावर ते जोडव्याकडे बोट दाखवतात.

मावशी पाय मागं घेतात. "मालक हायेत ना माझे."

कुणी वाद घालत नाही. सिस्टर साबणाचं पाणी आणतात. जोडव्याखालून दोऱ्याचं टोक ओढून घेतात, उरलेला दोरा पेरावर घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळतात, मग मागच्या टोकानं उलगडत जातात. जोडवं दोऱ्यावरून कणाकणानं पुढं सरकतं, पेरावर अडतं, निघतं. खाली कातडीवर खोल पांढरा वळ. मावशी जोडवं पुसतात आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवतात.

अशा पायांच्या चपला कशा बनतात ते बघायला दुपारी धुळ्याची एसटी. एरंडोल, पारोळा, खिडकीतून झळा. धुळ्यात उतरून आग्रा रोडवर येईपर्यंत ऊन कलतं. बाजूच्या एका गल्लीत चपला बनवणारे काका लोखंडी ऐरणीपुढं बसलेत. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन साक्रीकडचा एक शेतकरी आलाय. काका त्याला संध्याकाळीच बोलावतात, दिवसभरात पाय फुगतो म्हणून. कागदावर उभं करून पेन्सिलीनं पायाची रेघ मारतात, सर्वांत लांब बोटापुढं अर्धा इंच जागा सोडतात. आतल्या तळासाठी एमसीआर, म्हणजे मऊ सूक्ष्मछिद्री रबर. कुष्ठरोगानं बधिर झालेल्या पायांसाठी सरकारी कार्यक्रमात ज्या चपला देतात, त्यांत हेच असतं. रापीनं काठ तासला जातो. शिलाई आणि सोल्यूशन, खिळा एकही नाही. मागं घोट्याशी पट्टा, म्हणजे बोटांना धरून ठेवायचं काम उरत नाही.

"वावरमा चाली का, भाऊ?"

"चाली. पण पहिल्या दिवशी घंटाभरच. काढल्यावर पाय बघायचा, लाल दिसला की लगेच इकडं. आणि घालताना रोज आत हात फिरवायचा, खडा लागतो का ते."

शेतकरी मान हलवतो, कागदावर दुसरा पाय ठेवतो.