रिमोल्ड टायर आणि घरची मोटार

महाराष्ट्रातील कोणत्याही महामार्गावर ट्रकांच्या थांब्याजवळ ‘टायर रिमोल्डिंग’ अशी पाटी हमखास दिसते. पाटीखाली काळ्या टायरांची उतरंड असते, शेजारी पंक्चरवाल्याची हवेची टाकी असते आणि मोटारीतून जाणारे कुटुंब तिकडे न पाहताच पुढे निघून जाते. परंतु घरच्या मोटारीचे चारही टायर एकदम बदलण्याची वेळ आली, दुकानदाराने वीस हजारांच्या आसपासचा आकडा सांगितला, की त्याच पाटीची आठवण होते. ट्रकवाल्याला जे परवडते आणि चालते, ते आपल्याला का चालू नये? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र ‘रिमोल्ड म्हणजे धोका’ इतके सोपे नाही.

प्रथम ही प्रक्रिया समजून घेणे इष्ट. टायरचे ढोबळमानाने दोन भाग असतात. आतील सांगाडा, म्हणजे केसिंग, हा धाग्यांचा आणि पोलादी तारांचा बनलेला असून हवेचा दाब आणि गाडीचा भार तोच पेलतो. त्यावरील नक्षीदार रबराचा थर रस्ता पकडतो आणि झिजतो. नक्षी संपली तरी सांगाडा पुष्कळदा शाबूत असतो. अशा टायरची तपासणी करून उरलेली नक्षी यंत्रावर घासून काढली जाते, जखमा बुजवल्या जातात, मध्ये चिकट रबराचा पातळ थर देऊन वर नवा थर चढवला जातो आणि उष्णता व दाब यांच्या साहाय्याने तो एकजीव केला जातो. आधीच नक्षी उठवलेला पट्टा चढवून बंद पात्रात साधारण शंभर-सव्वाशे अंश सेल्सिअसला पक्का करणे ही एक पद्धत. कच्चे रबर चढवून साच्यात सुमारे दीडशे अंशांवर नक्षी उठवणे ही दुसरी. मोटारीच्या टायरसाठी बहुधा दुसरी पद्धत वापरली जाते आणि तीत बाजूच्या भिंतींवरही रबराचा नवा लेप बसतो. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे.

या तंत्राची बदनामी त्याच्या योग्यतेपेक्षा अधिक झाली आहे. प्रवासी विमानांचे टायर अनेकदा पुनःस्तरित केलेले असतात, आणि तेही एकदा नव्हे, तर अनेक वेळा. आपल्या एसटी महामंडळाची स्वतःची टायर पुनःस्तरण केंद्रे आहेत. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या हाती गेल्यावर अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा बहुतांश पुरवठा तुटला, नव्या टायरांवर नियंत्रण आले आणि सर्वसामान्यांच्या मोटारी बऱ्याच अंशी जुन्या टायरवर नवे रबर चढवूनच धावल्या. अमेरिकेतील महामार्गांवर पडलेले टायरचे तुकडे गोळा करून मिशिगन विद्यापीठाच्या परिवहन संशोधन संस्थेने सरकारी सुरक्षा यंत्रणेसाठी त्यांची पाहणी केली होती. तिचा अहवाल २००८ मध्ये आला. रस्त्यावरील वस्तूंचा मार, कमी हवा आणि निष्काळजी देखभाल ही टायर फुटण्याची मुख्य कारणे त्यात पुढे आली. केवळ रिमोल्ड असणे हा दोष ठरला नाही. उलट, नक्षीचा थर सुटून येण्याचे सर्वांत गाजलेले प्रकरण कोऱ्या टायरांचे आहे : ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने अमेरिकेत ६५ लाख टायर परत मागवले, आणि त्या प्रकरणातील अपघातांत दोनशेहून अधिक माणसे दगावली.

मग घरच्या मोटारीसाठी नकार का? त्याचे पहिले कारण हिशेबात आहे.

वर्षाला लाखभर किलोमीटर धावणाऱ्या ट्रकच्या टायरची नक्षी वर्ष-दीड वर्षात संपते. त्या वेळी त्याचे केसिंग तरुण असते. मालकाच्या दृष्टीने केसिंग ही मालमत्ता आणि नक्षी हा चालू खर्च. एकाच मालमत्तेवर दोन-तीनदा नक्षी चढवली की किलोमीटरमागे खर्च घसरतो. खासगी मोटार वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटरच फिरते, उन्हात उभी अधिक राहते. तिचा टायर पंचेचाळीस हजार किलोमीटर चालेपर्यंत साडेचार-पाच वर्षे उलटतात. रबर केवळ झिजत नाही, ते वयानेही कडक होते. अनेक मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलण्याचा सल्ला देतात, तर टायर उत्पादक दहा वर्षे ही कमाल मर्यादा मानतात. याचा अर्थ नक्षी संपते त्याच सुमारास सांगाड्याचेही बरेचसे आयुष्य संपलेले असते. ज्याच्यावर नवा थर चढवायचा, तोच निवृत्तीला आलेला असतो.

आता रुपयांचा हिशेब उदाहरणादाखल मांडू. नवा टायर ५,००० रुपयांचा आणि ४५,००० किलोमीटर चालणारा धरला, तर चार टायरांचा खर्च किलोमीटरला सुमारे ४४ पैसे येतो. रिमोल्ड अर्ध्या किमतीत, म्हणजे २,५०० रुपयांना मिळाला आणि ३०,००० किलोमीटर चालला, तर हाच खर्च ३३ पैसे होतो. फरक ११ पैशांचा. वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाची बचत होते अकराशे रुपयांच्या आसपास, म्हणजे महिन्याला नव्वद-ब्याण्णव रुपये. टायर लवकर बदलावे लागल्याने बसवणे, बॅलन्सिंग व अलाइनमेंट यांचा वाढीव खर्च त्यातून वजा जातो. शिवाय लिटरला १०५ रुपये दराचे पेट्रोल आणि लिटरला पंधरा किलोमीटरची धाव धरली, तर इंधनाचा खर्चच किलोमीटरला सात रुपये आहे. टायरच्या जडपणामुळे त्यात दीड टक्का वाढ झाली, तरी उरलीसुरली बचत संपली. ट्रकच्या बाबतीत मात्र हेच गणित लाखोंत जाते. म्हणून तेथे तो धंदा टिकला आणि मोटारींच्या बाबतीत जगभर ओसरला. अॅम्बॅसिडर-पद्मिनीच्या काळात टायर जाड नायलॉनचे असत, नवे टायर आजच्यासारखे सहज मिळत नसत आणि वेगही माफक होते. तेव्हा मोटारीचा टायर रिमोल्ड करून घेणे हा समंजस व्यवहार होता. आज नाही.

दुसरे कारण बांधणीचे. ट्रकच्या रेडियल टायरचा सांगाडा पुन्हा पुन्हा नक्षी चढवण्याच्या हेतूनेच मजबूत बांधलेला असतो. मोटारीच्या टायरची बाजूची भिंत मुद्दाम पातळ आणि लवचीक ठेवतात, कारण प्रवास आरामदायी हवा आणि इंधन कमी जळायला हवे. खड्ड्याची कड किंवा फुटपाथची धार लागून आतील धागे तुटले, तर बाहेरून ते दिसतीलच असे नाही. कमी हवेवर चालवलेल्या टायरची भिंत आतून भाजून निघते, तेही बाहेरून कळत नाही. मोठा वाहतूकदार स्वतःचेच केसिंग कारखान्यात देतो आणि तेच परत घेतो. त्याला त्याचा इतिहास ठाऊक असतो. बाजारात तयार मिळणारा मोटारीचा रिमोल्ड कोणाच्या गाडीवर, किती हवेवर, किती ओझ्याखाली चालला, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. तारणाची कागदपत्रे न पाहता कर्ज मंजूर करण्याचाच हा प्रकार. त्यात भिंतींवर नवा लेप बसला असेल, तर मूळ उत्पादनाची तारीखही झाकली जाते.

तिसऱ्या कारणाकडे सहसा लक्ष जात नाही. अनुभवी वाहतूकदार रिमोल्ड मागच्या चाकांना लावतो आणि पुढे, सुकाणूच्या चाकांना, नवे टायर ठेवतो. मागे जोडचाके असतात. एक टायर गेला, तरी शेजारचा काही काळ भार सांभाळतो. अमेरिकेच्या संघीय नियमांत तर बसच्या पुढील चाकांना पुनःस्तरित टायर लावण्यास स्पष्ट मनाई आहे. मोटारीला जोडचाक नाही. चार टायर, आणि प्रत्येक जण आपल्या कोपऱ्यावर एकटा. मागचा टायर गेला म्हणून कमी धोका, असेही नाही. वेगात मागचा टायर फुटला, तर गाडी गरकन फिरते आणि अशी गाडी सावरणे सामान्य चालकाच्या आवाक्यातले नसते.

युरोपने या व्यवसायावर बंदी घातली नाही, त्याला शिस्त लावली. मोटारींच्या पुनःस्तरित टायरांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा १०८ क्रमांकाचा नियम आहे. त्यानुसार मोटारीचा टायर एकदाच पुनःस्तरित करता येतो, सात वर्षांहून जुने केसिंग घेता येत नाही, आणि टायरवर तो पुनःस्तरित असल्याचा शिक्का व काम केल्याची तारीख उमटवावी लागते. टायर भाराच्या आणि वेगाच्या चाचणीतूनही उतरावा लागतो. असा टायर, अशा कागदपत्रांसह, कोणी देऊ केला तर विचार करता येईल. रस्त्यालगतच्या शेडमध्ये ‘साहेब, गॅरंटी आपली’ या शब्दांवर मिळणारा टायर त्या जातीचा नव्हे.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाने हा प्रश्न महाराष्ट्रात अधिक निकडीचा केला. ७०१ किलोमीटरचा काँक्रीटचा मार्ग, मोटारींना ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा, आणि विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यावर टायर फुटून झालेल्या अपघातांची मालिका सुरू झाली आणि २०२३ मध्ये परिवहन विभागाला प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवाव्या लागल्या. टायरचा खरा शत्रू उष्णता. वेग, भार आणि कमी हवा या तिन्हींतून ती वाढते आणि जिथे दोन थर जोडलेले असतात, तो सांधा आधी सुटतो. शहरात चाळीसच्या वेगाने वर्षभर निमूट चालणारा टायर येथे दोन तासांत उघडा पडतो. ‘निदान स्टेपनीला तरी रिमोल्ड चालेल’ असे म्हणणाऱ्यांनी स्टेपनी कधी लागते ते आठवावे : बहुधा रात्री, भर महामार्गावर आणि सगळे कुटुंब गाडीत असताना.

रिमोल्डपेक्षा घातक असा एक प्रकार बाजारात आहे आणि पुष्कळदा तोच रिमोल्ड म्हणून किंवा ‘सेकंडहँड, चांगल्या नक्षीचा’ म्हणून खपवला जातो. गोटा झालेल्या टायरवर नवे रबर मुळीच न चढवता गरम पात्याने खाचा खोल कोरतात, वरून काळा रंग फासतात आणि नक्षी नव्यासारखी दिसू लागते. ट्रकच्या काही टायरांत अशा कोरणीसाठी जादा रबर ठेवलेले असते आणि तसे त्यावर छापलेलेही असते. मोटारीच्या टायरात ते नसते. तेथे कोरणी म्हणजे पोलादी तारांवर उरलेले शेवटचे दोन-तीन मिलिमीटरही काढून घेणे. ओळखण्याची खूण सोपी आहे : खाचांच्या तळाशी जागोजागी १.६ मिलिमीटर उंचीचे आडवे उंचवटे मुळात असतात. कोरलेल्या टायरात ते कापले गेलेले किंवा नाहीसे झालेले दिसतात आणि खाचेच्या कडा हाताला खरखरीत लागतात.

ज्यांना खरोखर पैसे वाचवायचे आहेत, त्यांना चांगल्या कंपनीचा, आयएसआय चिन्ह असलेला, साधा नवा टायर पुरेसा आहे. रुंद आणि चकचकीत टायरचा हव्यास सोडला, की रिमोल्डइतकीच बचत तेथे होते. भिंतीवरील चार आकडी तारीख पाहून घ्यावी. २३२५ याचा अर्थ २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला टायर सवलतीत मिळत असेल, तर सवलत कशाची आहे हे ओळखावे. चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला हवेचा दाब पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना तपासावा. आठ-दहा हजार किलोमीटरनंतर टायरांच्या जागा बदलाव्यात. पंचेचाळीस हजार किलोमीटरांचे पन्नास हजार झाले, तर किलोमीटरचा खर्च ४४ पैशांवरून ४० वर येतो, आणि तोही कोणताही धोका न पत्करता.

जुने चार टायर दुकानदार शे-दोनशे रुपये वळते करून ठेवून घेतो, ते कोठे जातात हेही विचारावे. टायर गोटा झालेले असतील, तर दुकानातून निघण्यापूर्वी त्यांच्या बाजूच्या भिंतीत कटरने आरपार चीर पाडून घ्यावी. मग ते भंगारातच जातील आणि खाचा कोरून दुसऱ्या एखाद्या कुटुंबाच्या गाडीखाली येणार नाहीत. शंभर रुपये कमी मिळतील.